नळाची एक किल्ली आमच्याकडे असू द्या

स्थानिक प्रशासनाच्या उद्यान विभागातील माननीय अधिकारी आणि कर्मचारी यांस,

सप्रेम नमस्कार.

वस्तीतल्या सामुदायिक बागेत काम करणाऱ्या स्वयंसेवकांच्या वतीने मी हे पत्र लिहिते आहे. बागेची वही माझ्याकडे असते. कोण आलं, किती पाणी घातलं, कुठल्या वाफ्यात काय लावलं, किती निघालं, हे सगळं त्यात टिपायचं काम माझं. पत्र उघडपणे लिहायचं कारण एवढंच, की कुंपणाबाहेरून येता-जाता आत डोकावणाऱ्या प्रत्येकालाच हा विषय ठाऊक असायला हवा. मागणी एकच आहे, ती आधीच सांगते. बागेतल्या नळाला जे कुलूप आहे, त्याची एक किल्ली आमच्याकडे असू द्या. उन्हाळा संपेपर्यंत तरी.

कुलूप का लागलं हे आम्हीच सांगायला हवं, कारण चूक आमची होती. ऐन उन्हाळ्यात एका संध्याकाळी पाणी घालून झालं, नळी भोपळ्याच्या वाफ्यात तशीच राहिली आणि नळ बंद करायचा राहून गेला. तिघं जण होते. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने बंद केला असेल. सकाळी मी पोचले तेव्हा पायवाटेवर घोट्याएवढं पाणी होतं, वरच्या दोन वाफ्यांतली माती कुंपणापर्यंत वाहून गेली होती आणि नळी अजून चालूच होती. नंतर बादली लावून मोजलं. आमची नळी मिनिटाला साधारण १५ लिटर पाणी देते. आठच तास धरले तरी ७,२०० लिटर होतात. तो आकडा वहीत लिहिताना हात जड झाला. त्याच दिवशी आम्ही आपल्या कार्यालयात येऊन झालेलं सांगितलं, लपवलं नाही. दोन दिवसांनी नळाला कुलूप लागलं. तेव्हा ते आम्हाला योग्यच वाटलं होतं, आणि त्यामागची काळजी आजही पटते.

पण कुलपाबरोबर वेळही ठरून गेली. किल्ली फाटकावरच्या कार्यालयात असते. सकाळी १० वाजता नळ उघडतो, संध्याकाळी ५ वाजता बंद होतो, सुटीच्या दिवशी उघडतच नाही. किल्ली सांभाळणारे दादा भले आहेत, आम्हाला कधी ताटकळत ठेवत नाहीत. त्यांच्या कामाची वेळच ती आहे, ते तरी काय करणार? बागेची वेळ मात्र ती नाही.

थोडा हिशेब मांडते, म्हणजे आमचं म्हणणं नीट पोचेल. बागेत ३० वाफे आहेत. प्रत्येक वाफा तीन मीटर लांब आणि एक मीटर वीस सेंटिमीटर रुंद. रुंदी मुद्दाम एवढीच ठेवली आहे, दोन्ही बाजूंनी वाकलं की हात मध्यापर्यंत पोचतो आणि मातीवर पाय पडत नाही. सगळे वाफे मिळून १०८ चौरस मीटर होतात. भाजीपाल्याला आठवड्याला साधारण २५ मिलिमीटर पाणी लागतं असा माळीकामातला ढोबळ अंदाज आहे, आणि एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. म्हणजे आठवड्याला २,७०० लिटर. दहा लिटरच्या झारीने घातलं तर २७० झाऱ्या. कडक उन्हाच्या आठवड्यात याच्या दीडपटही लागतं. त्या एका रात्रीत बागेचं अडीच आठवड्यांहून जास्त पाणी वाया गेलं, हेही आम्हाला याच हिशेबातून कळलं.

आता हे पाणी दुपारी घालायचं म्हणजे काय होतं ते पाहा. माती वरून तापलेली असते, पाणी खाली मुरण्याआधी त्यातलं बरंचसं वरच्या थरातूनच उडून जातं. उन्हात पडलेल्या नळीतलं पहिलं पाणी इतकं तापलेलं असतं की हात मागे घ्यावा लागतो. ते मुळाशी घालता येत नाही, निवेपर्यंत पायवाटेवर सोडून द्यावं लागतं. पाणी वाचावं म्हणून लावलेल्या कुलपामुळे रोज थोडं पाणी असं सांडतं आहे. दुपारी पाणी घातलं की थेंबांमुळे पानं भाजतात असं बरेच जण म्हणतात, ते मात्र मी कारण म्हणून पुढे करणार नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत गुळगुळीत पानांच्या बाबतीत ते खरं ठरलं नव्हतं. आमच्याकडे पुरेशी खरी कारणं आहेत.

पहाटे, ऊन चढायच्या आत घातलेलं पाणी खोल जातं. मुळं त्याच्या मागे खाली उतरतात, आणि पानांवर काही उडालं असेल तर तासाभरात सुकून जातं. संध्याकाळीही चालतं, फक्त तेव्हा आळ्यात, बुडाशीच घालायचं. पानं रात्रभर ओली राहिली की बुरशीचं फावतं.

भोपळ्याचा वेल पाहिला असेल आपण. दुपारी दोन वाजता त्याची पानं छत्री मिटावी तशी लोंबतात. नवख्या माणसाला वाटतं, वेल मेला, घाला पाणी. पण बोट मातीत दोन पेरं खुपसून पाहिलं तर खाली चांगला ओलावा असतो. एवढ्या रुंद पानांतून बाष्प उडून जातं त्या वेगाने मुळांना पाणी वर चढवता येत नाही, म्हणून तो तात्पुरती मान टाकतो. ऊन कललं की तासा-दीड तासात सगळी पानं पुन्हा ताठ. खरी तहान कळते ती पहाटे. सूर्योदयाला जो वेल मान टाकून असेल, त्याला पाणी हवं आहे. म्हणजे कुठल्या वाफ्याला पाणी घालायचं आणि कुठल्याला नाही, हे ठरवायची वेळसुद्धा पहाटेचीच. दुपारी सगळेच तहानलेले दिसतात आणि आपण गरज नसलेल्यांनाही पाजत सुटतो.

टोमॅटोचं तर या दिवसांत फार जपावं लागतं. कुलूप लागल्यानंतर पहिल्यांदा दोन सुट्या जोडून आल्या. दोन दिवस पाणी नाही, वरून रणरणतं ऊन. तिसऱ्या दिवशी दहा वाजता नळ उघडला आणि घाबरून आम्ही वाफे भरभरून टाकले. चौथ्या दिवशी देठाभोवती गोल गोल चिरा पडलेली फळं दिसायला लागली. कोरड्या मातीत एकदम पाणी आलं की आतला गर फुगतो, साल तेवढ्या वेगाने वाढत नाही आणि तडकते. हे एक वेळ चालतं, तडकलेलं फळ त्याच दिवशी काढून वापरता येतं. पण आठवड्याभराने वेगळंच दिसलं. आमच्यातल्या एका आजींनी हिरवट टोमॅटो हातात आणून दिला. वरून अगदी निरोगी. उलटा केला तर बुडाशी नाण्याएवढा काळपट, चामड्यासारखा दबलेला डाग. आजींना वाटलं रोग आला. त्या रोपं उपटायला निघाल्या होत्या, कारण बाकीच्या वाफ्यांना लागण नको. तो रोग नव्हताच. फळाच्या बुडापर्यंत पुरेसं कॅल्शियम पोचलं नाही की असं होतं. कॅल्शियम मातीत सहसा असतंच, पण ते पाण्याबरोबर प्रवास करतं. पाणी कधी शून्य, कधी पूर, असं झालं की फळाचं शेवटचं टोक उपाशी राहतं. त्यावर फवारणी नाही की खत नाही. पाणी नेमाने देणं हाच उपाय. आजींना हे समजावून सांगितल्यावर त्या त्या फळाकडे बघत एवढंच म्हणाल्या, "म्हणजे आपणच केलं हे." मला ते फार लागलं. चार महिने त्यांनी ती रोपं बियांपासून वाढवली होती.

वाईट वाटलं तरी झाडाचं नुकसान भरून काढता येतं, पुढच्या वर्षी पुन्हा लावता येतं. माणसांचं तसं नाही. आमच्यातले एक काका, सगळ्यात नेमाने येणारे, गेल्या महिन्यात दुपारी बारा वाजता झारी घेऊन चालताना खाली बसले. घाम थांबत नव्हता, तोंड पांढरं पडलं होतं, बोलताना शब्द अडखळत होते. सावलीत आडवं केलं, पाय उंच ठेवले, ओली फडकी मानेवर आणि काखेत ठेवली, घोट घोट पाणी दिलं. अर्ध्या तासाने ते सावरले, घरी पोचवलं, डॉक्टरांना दाखवलं. नंतर विचारलं तर म्हणाले, तहान लागलीच नव्हती. वय वाढतं तशी तहानेची जाणीव मंदावते, आणि आमच्याकडे दुपारी येऊ शकणारे बहुतेक सगळे याच वयाचे आहेत. नोकरी करणारे दहा ते पाच येऊ शकत नाहीत, शाळेतली मुलं येऊ शकत नाहीत. अंगात कस असलेली माणसं सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला येतात, तेव्हा नळ बंद असतो. आणि भर दुपारी उन्हात उभं राहायला उरतात ती सत्तरी ओलांडलेली माणसं. या पत्रातलं बाकी काही विसरलं तरी चालेल, पण एवढं लक्षात ठेवावं, ही कळकळीची विनंती.

वहीत हे सगळं आकड्यांत दिसतं. कुलूप लागायच्या आदल्या आठवड्यात २६ वेगवेगळ्या माणसांच्या सह्या आहेत. गेल्या आठवड्यात नऊ. उन्हाळ्याच्या शेवटी माणसं कमी होतातच, हे मान्य. सुरुवातीला लावणीच्या दिवशी पन्नास जण येतात, रोपं लावतात, फोटो काढतात, आणि खरं काम सुरू होतं तेव्हा निम्मे राहतात. आम्हाला त्याची सवय आहे, कुणाला दोषही देत नाही. पण जे राहतात ते या दिवसांतल्या कामासाठी राहतात, आणि ते काम म्हणजे ओलावा टिकवायचा आणि तयार माल वेळेवर काढायचा, एवढं दोनच गोष्टींत येतं. काकडी एक दिवस चुकली तर जाड होते, पिवळी पडते, आत बिया धरते. वेलाला वाटतं आपलं काम झालं, आणि तो नवी फुलं काढायचं कमी करतो. घेवड्याचंही तेच. दर दोन-तीन दिवसांनी तोडला तर महिनाभर देत राहतो, आठवडाभर कुणी फिरकलं नाही तर संपला. तोडणी आणि पाणी एकाच फेरीत होतं. पाणी घालायला यायचंच नसेल तर नुसतं तोडायला कोण येणार?

आता आपल्या तपासणीच्या अहवालाबद्दल. तो आम्हाला दहा दिवसांपूर्वी मिळाला. तपासणी दुपारी तीन वाजता झाली होती, तेव्हा बागेत आमच्यापैकी कुणी नव्हतं. अहवालात लिहिलं आहे: वाळलेली झाडे तशीच ठेवलेली आहेत, वाफ्यांवर पालापाचोळा पसरलेला आहे, काही भाग वापरात नाही, बाग दुर्लक्षित दिसते, पंधरा दिवसांत साफसफाई करावी.

पालापाचोळा पसरलेला नाही, पसरवलेला आहे. पाच ते आठ सेंटिमीटर जाडीचा थर, खोडापासून चार बोटं लांब ठेवलेला, म्हणजे खोड कुजत नाही. त्यासाठी आम्ही सुकी पानं पोत्यांत भरून महिनाभर साठवली होती. दुपारी उघड्या मातीला पाय टेकवत नाही, पण थर बाजूला करून खाली हात घाला, माती गार लागते, बोटांना चिकटते, मूठ वळली तर ढेकूळ होतं. परवाच एका वाफ्यात थर उचलला तर दोन गांडुळं होती, या उन्हात, वरून चार बोटांवर. हा थर काढला तर पाणी आहे त्याहून कितीतरी जास्त लागेल. पाण्याची चिंता आपल्यालाही आहे, म्हणून तर कुलूप लावलंत. मग जो पाला ते पाणी धरून ठेवतो, तोच उचलायला कसा सांगता येईल?

वाळलेली झाडं म्हणजे कुंपणाकडच्या चार वाफ्यांतला घेवडा आणि त्याच्या शेजारी उंच वाढून वाळायला लागलेला सॅलडचा पाला. सॅलडची पानं उष्णता वाढली की कडू होतात, मधून दांडा उंच निघतो, फुलं येतात. खायला त्याचा उपयोग संपला, पण बी आता धरायला लागलं आहे. कोथिंबिरीलाही तसाच फुलोरा आला आहे. तिथे पाच मिनिटं उभं राहिलं तर बारीक, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या, मधमाशीसारख्या दिसणाऱ्या माश्या हवेत एका जागी थरथरताना दिसतात. त्या चावत नाहीत. त्यांच्या बऱ्याच जातींच्या अळ्या मावा खातात, आणि या वर्षी मिरचीवर मावा आलाच तेव्हा आम्हाला औषध मारावं लागलं नाही. घेवड्याच्या शेंगा वाळून कागदासारख्या झाल्या आहेत. हलवल्या की आत दाणे वाजतात. त्या आवाजासाठी थांबलो आहोत आम्ही. हिरव्या शेंगेतलं बी साठवलं तर बुरशी धरतं, वेलावर पूर्ण वाळू दिलं तरच उगवतं. हे बियाणं आम्ही तीन वर्षं याच मातीतून धरत आलो आहोत, दर वर्षी ज्या वेलांनी ऊन चांगलं सोसलं त्यांचंच. वेल उपटायचा नाही, शेंगा काढून झाल्या की जमिनीलगत कापायचा. मुळांवरच्या गाठींत आणि मुळांत उरलेला नत्र तिथेच कुजून मातीत जातो.

वापरात नसलेला भाग म्हणून जो लिहिला आहे, तो कंपोस्टचा ढीग आणि त्याच्या बाजूची मोकळी जागा. ढीग उलथायला तेवढी जागा लागतेच. आमचा ढीग आत ५५ अंशांच्या वर तापतो, आम्ही लांब दांडीचा थर्मामीटर ठेवला आहे. त्या उष्णतेत तणाच्या बहुतेक बिया मरतात, म्हणून खत घातल्यावर वाफ्यात रान माजत नाही.

"दुर्लक्षित" आणि "वापरात नाही" हे शब्द आम्हाला का झोंबले, तेही सांगते. कागदावर आलेला शब्द कागदावरच राहत नाही. न्यूयॉर्कमध्ये १९७० च्या दशकापासून रहिवाशांनी पडीक भूखंड साफ करून बागा उभ्या केल्या. १९९९ मध्ये तिथल्या प्रशासनाने त्यातल्या शंभरहून अधिक बागांच्या जागा लिलावात काढायचं ठरवलं. त्या वाचल्या त्या शेवटच्या क्षणी, जमिनी जपणाऱ्या संस्थांनी पैसे उभे करून विकत घेतल्या म्हणून. आपला तसा काही विचार आहे असं मी म्हणत नाही, तशी शंकाही नाही. फक्त हा अहवाल उद्या दुसऱ्या कुणाच्या टेबलावर जाईल, आणि तो माणूस बागेत कधी आलेला नसेल.

पाण्यासारख्या सामायिक गोष्टी माणसं मिळून कशा सांभाळतात, यावर एलिनॉर ऑस्ट्रॉम या अभ्यासक बाईंनी आयुष्यभर काम केलं. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. शेकडो वर्षं टिकलेल्या व्यवस्था त्यांनी तपासल्या. कुरणं, जंगलं, कालवे. टिकलेल्या ठिकाणी काही गोष्टी समान दिसल्या. नियम त्या जागेच्या गरजेला धरून होते. ज्यांना नियम पाळायचे त्यांचा ते ठरवण्यात हात होता. देखरेख वापरणारेच करत, किंवा त्यांना उत्तर देणारं कुणी करत असे. आणि पहिल्या चुकीला शिक्षा सौम्य असे, पुन्हा झाली तर वाढत जाई. त्यांनी अभ्यासलेल्यांत स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचे शेतकरीही होते. तिथे पाण्याचे तंटे सोडवायला शेतकऱ्यांनी निवडून दिलेले पंच दर गुरुवारी दुपारी चर्चच्या दाराशी बसतात, दोन्ही बाजू तोंडी ऐकतात आणि तिथल्या तिथे निकाल देतात. शतकानुशतकं हे चालू आहे. तिथेही कुणीतरी कधी पाणी वाहू दिलं असेलच. त्यासाठी कालव्याला कुलूप लागलं नाही, ज्याने चूक केली त्याला दंड झाला.

आम्हालाही दंड करा. खरंच सांगते, त्याला आमची ना नाही. ते ७,२०० लिटर भरून काढायची तयारी आहे, आणि कसं ते आम्ही आपसांत बसून ठरवलं आहे. नळाला लावायचा साधा चावीचा टायमर मिळतो, घड्याळासारखा. हाताने फिरवून वेळ लावली की तेवढ्या मिनिटांनी पाणी आपोआप बंद होतं. वीज लागत नाही, सेल लागत नाहीत. तो आम्ही वर्गणी काढून घेतो. तो लागल्यावर नळ रात्रभर चालू राहण्याचा प्रश्नच मिटतो, माणूस विसरला तरी. नळाजवळ पाण्याचा मीटर बसवू देणार असाल तर त्याचा आकडा येताना आणि जाताना वहीत लिहू, आणि दर आठवड्याला त्या पानाची प्रत आपल्या कार्यालयात देऊ. किल्ली दोनच माणसांकडे राहील, एक सकाळच्या पाळीतल्या आणि एक संध्याकाळच्या. त्यांची नावं आपल्याकडे लिहून देऊ. पाणी पुन्हा वाया गेलं तर त्या आठवड्यापुरती किल्ली काढून घ्या, तिसऱ्यांदा झालं तर कायमची. त्यावर आमची सही आगाऊ घ्या.

वाफ्यांत मडकी पुरायचंही काम सुरू केलं आहे. बिनचमकीचं, सच्छिद्र मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, पाणी भरून वर झाकण ठेवायचं. माती कोरडी झाली की मडक्यातून पाणी झिरपतं, ओली असली की थांबतं. सहा वाफ्यांत झाली, तिथे निम्म्याच झाऱ्या लागतात असं वहीत दिसतं. तरी रोपं लहान असताना मुळं मडक्यापर्यंत पोचत नाहीत, आणि मडकीही कुणीतरी भरावीच लागतात, म्हणून किल्लीची गरज त्याने संपत नाही.

तोवर आमचं कसं चाललं आहे तेही सांगून ठेवते, कारण त्याबद्दल तक्रार गेली आहे असं कानावर आलं. रोज पावणेपाचला, नळ बंद व्हायच्या आधी, आम्ही २०० लिटरची दोन पिंपं भरून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे झाऱ्यांनी घालतो. पिंपांवर झाकण आणि झाकणाखाली बारीक जाळी बांधलेली आहे. डासाला अंड्यापासून उडायला गरम हवेतही साधारण आठवडा लागतो, आमची पिंपं रोज रिकामी होतात. तेव्हा डासांची भीती नको. पण ४०० लिटरमध्ये बागेच्या आताच्या रोजच्या गरजेपैकी साधारण दोन तृतीयांशच भागते. उरलेलं दुपारी, जो कुणी येऊ शकेल त्याने. गेल्या महिन्यापासून आम्ही काकांना दुपारी येऊ देत नाही, तर ते फाटकाशी येऊन उभे राहतात.

अहवालातले पंधरा दिवस येत्या पाच दिवसांत संपतात. घेवड्याच्या शेंगा पूर्ण वाळायला अजून आठ-दहा दिवस लागतील, सॅलडचं बी त्याच्याही नंतर. तेवढी मुदत वाढवून द्या, ही किल्लीच्या सोबतची छोटी विनंती. बी काढून झालं की ते चार वाफे आम्ही स्वतःच मोकळे करणार आहोत, तिथे पुढच्या हंगामाची रोपं लावायची आहेत. ती वाफ्यात लावली जातील तेव्हा आठ-दहा दिवस त्यांना सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा पाणी लागेल.

पुढची तपासणी कराल तेव्हा कृपा करून सकाळी सहाला या. आम्ही तेव्हा तिथेच असतो. भोपळ्याची पानं त्या वेळी ताठ असतात आणि मोठी पिवळी फुलं उमललेली असतात, दहा वाजेपर्यंत ती मिटायला लागतात. आजी टोमॅटोच्या वाफ्यात सापडतील, काळ्या बुडाची फळं एका बादलीत आणि चांगली दुसऱ्या बादलीत वेगळी करत. त्या फळांची पहिली बादली आता जवळजवळ रिकामी असते, कारण पिंपांचं पाणी आम्ही सगळ्यात आधी त्याच वाफ्यांना घालतो. घेवड्याच्या वाफ्यापाशी थांबून एक शेंग कानाशी धरून हलवून पाहा.

आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली विश्वासू,
बागेची वही सांभाळणारी एक स्वयंसेवक,
सकाळच्या आणि संध्याकाळच्या पाळीतल्या सर्वांच्या वतीने